जुलैची जाळी

रायपुरातल्या पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानाच्या पांढऱ्या गादीवर बसून मंदाकिनी चादरीचं सुती कापड बोटांत चोळून बघत होती. थान सरळ फाडता यावं म्हणून दुकानदाराने कडेचा एक धागा नखाने उचलून ओढायला घेतला होता, नेमका तेव्हाच तिच्या पर्समधला फोन थरथरला. धागा लांबच लांब निघत होता आणि त्याच्यामागे कापडात एक फिकी रेघ उमटत होती. त्या रेघेवर एक डोळा ठेवूनच तिने मेसेज वाचला. ऋताचा होता. ‘मैडम, आठवाँ भी कोरा निकला। मई का एक भी नहीं आया। मेरा हाथ ही ख़राब है। कल सर को बोल दूँगी, छोड़ रही हूँ।’ मंदाकिनीने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. दुकानदार विचारत होता, “चार का फाड़ूँ दीदी, कि छह का?” तिने फोन पर्समध्ये ढकलला, तोवर तोच म्हणाला, “मरीज़ के लिए है ना? छह ले जाओ। मरीज़ के घर में चद्दर कम ही पड़ती है।” तिने नुसती मान हलवली. कापड फाटल्याचा लांबलचक आवाज झाला. गेली दोन वर्षं ती या मेसेजची वाट बघत होती, आणि तो येऊ नये म्हणून देवाला साकडंही घालत होती.

ऋता ही बुढापारा मोहल्ल्यातल्या तेलंगांची मुलगी, घर मराठी, पण बोलणं हिंदीत. इथल्या एका संशोधन संस्थेत बेडकीच्या अंड्यावर पीएचडी करते. तिच्या आईने नातेवाइकांत ही गोष्ट ‘बायोलॉजीत काहीतरी’ एवढ्यावरच आवरती ठेवली होती. मंदाकिनी त्याच संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणारी. बत्तीस वर्षं झाली. पदव्या बेताच्या, पण हात असा, की मोठमोठे डॉक्टर लोक त्या हातापुढे खुर्ची सरकवून उभे राहायचे. काम सांगायला सोपं. बेडकीला भूल द्यायची, अंडाशयाचा चिमूटभर तुकडा काढायचा, टाका घालून बेडकीला बरी होईपर्यंत सांभाळायचं. मग त्या तुकड्यातलं मोहरीएवढं एक अंडं भिंगाखाली घेऊन दोन चिमट्यांनी फाडायचं आणि त्यातलं केंद्रक, म्हणजे दवाच्या थेंबासारखा एक गोळा, अलगद बाहेर काढायचं. तो गोळा अगदी शुद्ध पाण्यात सोडला की त्यातला गुंता आपोआप सुटत जातो. तो सुटलेला डीएनएचा दोरा तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, उतरवायचा आणि मायक्रोस्कोपमध्ये बघायचं. ज्या जागी जीन वाचला जात असेल, तिथे त्या दोऱ्याला बारीक बारीक धागे लटकलेले दिसतात. सुरुवातीला आखूड, मग लांब, आणखी लांब. मग थोडी मोकळी जागा, की पुन्हा आखूड ते लांब. लटकलेला प्रत्येक धागा म्हणजे जीनची तयार होत असलेली एक नक्कल. प्रयोगशाळेतले लोक त्याला झाड म्हणतात. झाड दिसलं तर काम चालू, झाड नाही तर काम बंद, इतकं ते सरळ असतं.

‘झाड कसलं, पदराच्या दशा आहेत ह्या!’ असं म्हणणारा एकच माणूस होता, तिचा नवरा. ब्राह्मणपाऱ्यात त्याला लहानथोर सगळे बंडूभैया म्हणत. रेल्वेत कारकून, आणि ऑफिसपेक्षा मराठी मंडळाच्या नाटकांत जास्त रमणारा. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार. मंदाकिनीच्या लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तिने एकही वाक्य पूर्ण केलं नसेल. तिच्या अर्ध्या वाक्यावर तो स्वार व्हायचा आणि भलतीकडेच घेऊन जायचा. तिला राग यायचा. आता स्कूटरच्या डिकीत सहा चादरींचं कापड कोंबताना तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा आपलं वाक्य मध्येच तुटावं. सव्वातीन वर्षं ती घरात पूर्ण वाक्यं बोलत होती.

लकव्यानंतर तो बोलला नाही. डोळे उघडे असत, पापणी हले, चमच्याने भरवलेलं गिळे. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, की समजत असेल किंवा नसेलही, निश्चित सांगता येत नाही. तेव्हा तिने त्याला बेडकीची गोष्ट ऐकवली होती. रायपूरच्या आसपासचे तलाव मार्चनंतर आटतात, बेडक्या हात-हातभर गाळाखाली जाऊन निपचित पडतात, खात नाहीत, हलत नाहीत, बाहेरून बघणाऱ्याने मेलेली म्हणून फेकून द्यावी अशा. पण अशा बेडकीच्या अंड्यात मे महिन्यातही जीनचं काम चालूच असतं, झाडं दिसतात, आमच्या डोणगावकर सरांनी दाखवून दिलंय, फोटो मी काढलाय. डॉक्टर सभ्य होता. त्याने मान डोलावली आणि औषधं लिहून दिली. ती गोष्ट तिने मग नणंदांना सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, दिवसभर बंडूभैयाला सांभाळणाऱ्या शांताला सांगितली. सांगताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. खोटं बोलणाऱ्याचा आवाज अडखळतो म्हणतात. पण ती खोटं बोलत नव्हतीच. तिला खरं आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण रोजच्या वापरातल्या गोष्टींमागे माळ्यावर ढकललेल्या पितळी भांड्यासारखं. आहे हे माहीत, पण काढायची पाळी येऊ नये.

बुढा तालाबच्या कडेने जाताना ऊन पाण्यावरून उसळून थेट डोळ्यांत शिरत होतं. तोंडाला गुंडाळलेल्या ओढणीच्या आत तिचा स्वतःचा श्वास गरम लागत होता. ‘मेरा हाथ ही ख़राब है।’ हे वाक्य तिने आधी कुठे ऐकलं होतं? कुणी म्हटलं होतं? सिग्नलला थांबल्यावर एकदम आठवलं. तिनेच. याच शब्दांत नव्हे, मराठीत. शहाण्णव सालच्या मे महिन्यात, डोणगावकर सरांसमोर, खाली मान घालून. ‘सर, माझाच हात चुकून राहिला.’ मागून कुणीतरी हॉर्न मारला. दिवा केव्हाचा हिरवा झाला होता.

शहाण्णव साली ती तीस वर्षांची होती आणि नोकरी अजून कच्ची होती. डोणगावकर सर म्हणजे देवमाणूस, पण एका कल्पनेने झपाटलेला देवमाणूस. गाळातल्या बेडकीची अंडी आतून जागी असतात हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि एकदा मनाने घेतलं की सर पुराव्याची वाट बघायचे, शोध संपलेला असायचा. त्या मे महिन्यात तिने दहा जाळ्या केल्या. नऊ कोऱ्या निघाल्या. या कामात तसं होतंच. पाण्यात क्षाराचा कण राहिला, चिमटा जरा जोरात लागला, की झाड मोडतं. सर रागावले नाहीत. ‘उन्हाळ्यातली अंडी नाजूक असणार, मंदाकिनीबाई. आणखी हलक्या हाताने करा.’ दहावी जाळी तिने बाजूला ठेवली आणि ताडून बघायला आदल्या जुलैतल्या बेडकीची एक जाळी डबीतून काढली. पाऊस पडला की बेडक्या वर येतात. त्यांच्या अंड्यांत झाडंच झाडं. दोन्ही जाळ्या एका टिपकागदावर शेजारीशेजारी ठेवल्या. कागदावर पेन्सिलीने एकीकडे ‘जु’ लिहिलं, एकीकडे ‘मे’.

आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजला. बंडूभैयाच्या स्कूटरचा; साऱ्या ब्राह्मणपाऱ्याला तो ओळखू यायचा. मंडळाच्या नाटकाची तालीम होती, तिला साडेपाचला न्यायला आला होता. “मंदे! चाल ना वं लवकर! मले उशीर होऊन राहिला!” फाटकापासून तिसऱ्या खोलीपर्यंत आवाज यायचा, असा गळा. ती हसून उठली आणि त्याच क्षणी लाइट गेली. खोलीला खिडकी नव्हती. टॉर्च शोधताना कोपर टेबलाला लागलं. टॉर्च लागला तेव्हा टिपकागद फिरलेला होता, आणि दोन्ही जाळ्या अक्षरांपासून सरकून मध्ये, एकमेकींजवळ आलेल्या. दोन्ही सारख्याच. बाहेर हॉर्न. तिने अंदाजाने एक डबीतल्या जुलैच्या खणात ठेवली, एक मेच्या. अंदाज म्हणजे काय, उजवीकडची जुलै असणार, असं काहीतरी. मग ती तालमीला गेली आणि बंडूभैयाने तिला तिथे दोन प्लेट भजी खायला घातली.

दुसऱ्या दिवशी मेच्या खणातल्या जाळीवर झाडं दिसली. सर खुर्चीवरून उठले ते टेबलाला धडकलेच. “बघा! दहाव्याला हात बसला तुमचा!” तिला वाटलं, बसला असेल. खरंच वाटलं. संध्याकाळी सरांनी सगळ्या संस्थेत पेढे वाटले, पुढच्या वर्षी लेख छापून आला, त्यात तिचंही नाव शेवटी का होईना आलं, नोकरी पक्की झाली. बंडूभैयाने फोटो मोठा करून फ्रेम केला आणि बैठकीत लावला. मीटर बघायला आलेल्या माणसालाही तो त्यापुढे उभं करायचा. “आमच्या मंदीनं काढला हा. जमिनीखाली गाडलेली बेडकी, भैया, आणि आत काम चालू! नाही तर आपण, वर बसून झोपा काढतो.”

लेख छापून आल्यावर सहा महिन्यांनी ती जुन्या फिल्मा आवरायला बसली होती. सरांची एक शिस्त होती. कुठलाही मोठा फोटो घेण्याआधी अख्ख्या जाळीचा एक लहान, दुरून फोटो घ्यायचा, म्हणजे पुन्हा ती जागा सापडावी. त्या दुरून घेतलेल्या फोटोकडे नंतर कुणी ढुंकूनही बघत नसे. तिने ती फिल्म दिव्यावर धरली आणि तिला जाळीची भोकं दिसली. बारीक. खूप बारीक. जुलैतल्या जाळ्या इंचात तीनशे भोकांच्या होत्या. तो माल संपला म्हणून मेमध्ये दोनशेच्या, मोठ्या भोकांच्या आल्या होत्या. डोळ्यांना टिकलीत फरक कळत नाही, पण फिल्मवर लख्ख कळतो. झाडं जुलैची होती. तिने फिल्म दिव्यावरून खाली घेतली, कागदात गुंडाळली आणि स्वतःच्या खणात ठेवून किल्ली फिरवली. सरांना उद्या सांगू. उद्या सरांना परदेशातून पत्र आलं. परवा सांगू. परवा बंडूभैयाने बैठकीतल्या फ्रेमला हार घातला होता, दसरा होता. मग सर निवृत्त झाले, मग गेले. कुणी तो प्रयोग पुन्हा केला नाही; आटलेल्या तलावात बेडक्या उकरत बसायला कुणाला वेळ आहे? आणि मग बंडूभैया पडला, आणि तिने बैठकीतली फ्रेम काढून त्याच्या पलंगासमोर लावली. त्यानंतर ती फिल्म खणात असूनही नसल्यासारखी झाली.

आणि मग ऋता आली. जुना लेख घेऊन, डोळे चमकवत. “मैडम, ये आपने किया था? मुझे यही करना है।” दोन मे महिने गेले. जुलैच्या जाळ्यांवर तिला झाडं सुरेख मिळत, मेच्या कोऱ्या निघत. लेखात तर लिहिलंच होतं, उन्हाळ्यातली अंडी नाजूक, दहात एखादी जमते. मुलगी आणखी हलक्या हाताने करायची. चहा सोडला, हात कापू नये म्हणून. श्वास रोखून चिमटा धरायची. आणि मंदाकिनी, तिची मैडम, तिच्या मागे उभी राहून सांगायची, “पाणी बदलून पाह्य. पुन्हा कर.” मेची एकही जाळी तिने स्वतः मायक्रोस्कोपमध्ये बघितली नव्हती. डोळे दुखतात म्हणायची. तिला मनातून वाटत होतं, एखादी निघेल. ही पोरगी हुशार आहे, हिचा हात चांगला आहे, हिला एक तरी झाड सापडेल, मग आपली चूक चूक राहणारच नाही. दुसऱ्याच्या लेकीच्या आयुष्याची दोन वर्षं ती आपल्या नवऱ्याच्या नावाने नवस म्हणून वाहत होती. हे तिला आज, संस्थेच्या फाटकाशी गाडी लावताना, इतकं स्पष्ट दिसलं की तिला स्वतःची किळस आली.

रविवार असल्याने कॉरिडॉर रिकामा होता. मायक्रोस्कोपच्या खोलीत एसीचा गारठा आणि पंपाची घरघर. ऋता अंधारात स्क्रीनसमोर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, रडून झालेली.

“आप क्यों आईं मैडम? इतवार को?”

“आठवी काढली का आतून?”

“नहीं। लगी हुई है।”

“सरक.”

मंदाकिनी खुर्चीत बसली. बत्तीस वर्षांची सवय. बोटं आपोआप बटणांवर गेली. आधी दुरून, मग जवळ, आणखी जवळ. स्क्रीन राखाडी, मग एक काळी रेघ. तिने फोकस केला. दोरा. लांब, बिनफांद्यांचा, कुठेही न अडखळता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला. तिने जाळी सरकवली. आणखी एक. त्यालाही काही नाही. धाग्याचं नाव नाही, दशी नाही. आजूबाजूला कचरा नाही, क्षाराचे खडे नाहीत, तुटलेले तुकडे नाहीत. इतकं स्वच्छ काम तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, स्वतःचंही नाही. झाड मोडलं असतं तर मोडल्याच्या खुणा राहतात. इथे मोडलेलं काहीच नव्हतं. मे महिन्यात गाळाखाली काम बंद होतं, एवढंच. तिला वाटलं होतं, हे बघितलं की आपण कोसळू. ती कोसळली नाही. ती बराच वेळ बघत राहिली. दोरा शाबूत आहे, पाऊस पडला की पुन्हा झाडं येतील, असं काहीतरी तिच्या मनात उगवायला लागलं, आणि तिने ते तिथेच दाबलं. यातून आता नवीन काही काढायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. जे आहे ते आहे.

“दिखा कुछ?” ऋताने मागून विचारलं.

मंदाकिनी उठली, पर्समधून किल्ली काढली आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या टेबलाचा खालचा खण उघडला. कागदाची घडी पिवळी पडली होती. तिने फिल्म काढून दिव्याच्या पेटीवर ठेवली आणि भिंग ऋताच्या हातात दिलं. “मोज.”

“क्या?”

“भोकं मोज. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

ऋताने वाकून मोजली. पुन्हा मोजली. मोजताना तिचे ओठ हलत होते. हुशार मुलगी, फिल्मच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक तिने वाचला, लेखातला तोच क्रमांक तिला पाठ होता. मेमध्ये दोनशेच्या जाळ्या वापरल्या हेही लेखात लिहिलेलं होतं. ती सावकाश सरळ झाली.

“ये तीन सौ वाली है।”

“हव. जुलैची.”

“तो मई वाला...”

“मेचं झाड नाहीच, बाई. कधीच नव्हतं. जाळी बदलली. माझ्याच हातून. लाइट गेली होती अन् बाहेर यांचा हॉर्न वाजून राहिला होता.” तिला वाटलं होतं की हे सांगायला खूप शब्द लागतील. एवढेच लागले.

 ऋता भिंग हातात धरून उभी होती. मग तिने आपला उजवा हात दिव्याच्या पेटीवर, उजेडात ठेवला, पालथा, मग उताणा, आणि त्याच्याकडे बघितलं. “मतलब मेरा हाथ ठीक था।”

“माझ्यापेक्षा बरा आहे तुझा हात.”

“आपको पता था। पहले दिन से पता था।”

“हव.”

“दो मई, मैडम!” आता तिचा आवाज फुटला. “मैं रात-रात भर सोचती थी कि मुझसे क्या ग़लत हो रहा है। मैंने घर में बोल दिया कि मैं इस लायक नहीं हूँ। आप पीछे खड़ी होके बोलती थीं, पानी बदलो! काहून? काहून केलं तुम्ही असं?”

मंदाकिनीच्या तोंडाशी सरांचं नाव आलं, कच्च्या नोकरीचं कारण आलं. ती सगळी कारणं तीस वर्षांपूर्वीची होती आणि ती मुलगी आत्ता विचारत होती. “मले ते झाड पाहिजे होतं,” ती म्हणाली. “यांच्यासाठी. ते पडले तशी मी त्याच फोटोवर जगून राहिली. तुले एक जरी सापडलं असतं ना, तर...” वाक्य तिथेच राहिलं. ते कुणी तोडलं नव्हतं, तिचं तिलाच पुढे नेता आलं नाही. “माफ कर म्हणत नाही मी. उद्या तुझ्या गाइड सरांकडे मीच येते. ही फिल्म घेऊन. सगळं मी सांगते.”

 ऋताने फिल्म पुन्हा कागदात ठेवली, आपल्या वहीत घातली, वही पिशवीत घातली आणि दार उघडून निघून गेली. दार आपोआप बंद झालं. मंदाकिनीने यंत्र शिस्तीत बंद केलं. मग दिव्याच्या पेटीच्या उजेडात तिने स्वतःचा हात ठेवून बघितला. शिरा वर आलेल्या, नखं बारीक कापलेली. नऊ कोऱ्या जाळ्या तिने तेव्हा कचऱ्यात टाकल्या होत्या, प्रत्येक टाकताना मान खाली घालून. त्या नऊही बरोबर होत्या. तिचा हात एकदाही चुकला नव्हता, फक्त एका संध्याकाळी टिपकागद फिरला होता. हे कळायला एकोणसाठ वर्षांची व्हावं लागलं, या विचाराने तिला तिथे एकटीला हसू आलं, आणि हसता हसता पेटीच्या काचेवर दोन थेंब पडले. तिने ते ओढणीने पुसले.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. शांता मागच्या अंगणात कपडे काढत होती. बंडूभैया उशीला टेकून बसवलेला, डोळे समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीवर फ्रेम. रोज घरी आल्यावर मंदाकिनी त्याच्या कपाळावरून हात फिरवून विचारायची, ‘आत सगळं चालू आहे ना?’ आणि पापणी हलेपर्यंत थांबायची. पापणी कधी ना कधी हलतेच. हलली की म्हणायची, ‘चालू आहे.’ आज तिने हात फिरवला आणि काही विचारलं नाही. स्टूल ओढून बसली.

“ऐकून राहिले का? तो फोटो खोटा होय,” ती म्हणाली. “मेचा नाही. मी जाळी बदलवली होती. तुम्ही बाहेर हॉर्न वाजवून राहिले होते, तालमीला जायचं होतं. तुम्ही एवढं गावभर सांगितलं, म्हणून मी बोलली नाही. तीस वर्षं नाही बोलली.” तो समोर बघत होता. तिने त्याच्या पापणीकडे बघितलं नाही. त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता, जड होता, आणि त्याने तिचा हात दाबला नाही. सव्वातीन वर्षांत त्याने कधीच दाबला नव्हता, पण आज पहिल्यांदा तिने दाबण्याची वाट बघितली नाही. तिला फार एकटं वाटलं. हे एकटेपण नवीन नव्हतं. ते इथेच होतं, फ्रेमच्या मागे, आणि आता समोर येऊन बसलं होतं. आणि आश्चर्य म्हणजे तिला बंडूभैयावर पूर्वीसारखंच प्रेम वाटलं, आत काही चालू असो नसो. त्या प्रेमाला पुराव्याची गरज होती असं तिला उगाचच वाटत आलं होतं.

फोन थरथरला. ऋता. ‘कल आठ बजे। पहले आठों ग्रिड दोबारा देखेंगे, आप देखेंगी, मैं लिखूँगी। फिर सर के पास। अभी मुझे आप पर बहुत ग़ुस्सा है।’ खाली आणखी एक ओळ. ‘अगली बार का पानी आप ही बनाइएगा।’ मंदाकिनीने दोनदा वाचलं. मग डोळे पुसून पिशवीतलं नवं कापड काढलं आणि मापून एक चादर कापून घेतली. शिवायची राहिली तरी आजची रात्र भागेल. शांताच्या मदतीने त्याला एका कुशीवर वळवून जुनी चादर ओढली, नवी घातली, पुन्हा उताणं केलं, उशी सारखी केली. कडेला एक धागा लोंबत होता, तो दाताने तोडला. मग स्टूल भिंतीशी नेऊन ती त्यावर चढली.

शांता हातातल्या जुन्या चादरीचा बोळा तसाच धरून बघत राहिली. तिला मराठी समजायचं, बोलायची मात्र छत्तीसगढीत. “ए झाड़ ला काबर उतारत हस दीदी? भैया रोज देखथे एला।”

मंदाकिनीने फ्रेम खिळ्यावरून उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली. “हे झाड जुलैचं होय, शांता,” ती म्हणाली. “आपल्या घरी अजून मे चालू आहे.” आणि ती फ्रेम छातीशी धरून, पाय सांभाळत, स्टुलावरून खाली उतरली.